जुनी, दणकट वॉशिंग मशीन: उघडता येणाऱ्या यंत्रांविषयी

कळसूत्र (धागालेखक)

जुन्या वॉशिंग मशीनचा विषय निघाला की बोलणे लगेच वजनावर येते. पत्रा जाड होता, टब पोलादी होता, तोल राखण्यासाठी आत बिडाचे किंवा काँक्रीटचे ठोकळे होते आणि यंत्र जागेवरून सरकवायचे तर दोन माणसे लागत. हे सगळे खरे असले, तरी केवळ जडपणामुळे कोणतेही यंत्र चाळीस वर्षे टिकत नाही. माझ्या मते ती टिकली याचे मुख्य कारण असे की, आज ना उद्या कोणीतरी हे उघडणार आहे, हे गृहीत धरूनच त्यांची रचना केलेली असे. मागचे झाकण चार-सहा स्क्रूंवर निघे, पट्टा आणि पुली समोर दिसत, पंपापर्यंत हात पोहोचे, आणि कोणता भाग बिघडला आहे हे डोळ्यांनी, कानांनी आणि फार तर एका मल्टिमीटरने कळत असे.

उदाहरण म्हणून युरोपीय धाटणीच्या, पुढून दार असलेल्या जुन्या यंत्रांतली मोटर पाहा. अशा अनेक यंत्रांत एकाच आवरणात दोन निरनिराळी वेटोळी गुंडाळलेली इंडक्शन मोटर असे. एक वेटोळे दोन ध्रुवांचे आणि दुसरे सोळा ध्रुवांचे. ५० हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या किंचित खाली फिरते आणि सोळा ध्रुवांची ३७५ च्या किंचित खाली, त्यामुळे दोन वेगांत जवळपास आठास एक हे प्रमाण आपोआप पडते. पुलीचे माप असे ठेवले की धुताना ड्रम मिनिटाला ५० फेरे घेईल, तर पिळताना तो ४०० च्या आसपास घेणार. वेग बदलण्यासाठी सर्किट बोर्ड नाही, झिजणारे कार्बन ब्रश नाहीत. टायमरमधला एक खटका एका वेटोळ्याची वीज तोडतो आणि दुसऱ्याला देतो. त्या वेगाने पिळलेले कपडे बरेच ओले राहत, हे मान्यच आहे. पण अशा मोटरीत दोन बेअरिंग सोडली तर झिजण्यासारखे काही नव्हते, आणि मोटरीला सुरू व्हायला मदत करणारा, बाहेर बसवलेला कॅपॅसिटर कमजोर झाला तर तो दहा मिनिटांत बदलता येत असे.

ज्यांनी अशी यंत्रे वापरली, उघडली किंवा सांभाळली आहेत, त्यांनी येथे आपल्या माहितीची भर घालावी ही विनंती. मात्र नुसते ‘जुने ते सोने’ म्हणण्यापेक्षा कोणत्या यंत्रात नेमके काय चांगले होते, ते लिहावे.

जोडपाना

मोटरीविषयी वाचल्यावर मला मेटॅग या अमेरिकी कंपनीच्या हेलिकल ड्राइव्ह, म्हणजे मळसूत्री आट्यांवर चालणाऱ्या यंत्रणेबद्दल लिहावेसे वाटते, कारण साधेपणाचा इतका सुंदर नमुना घरगुती यंत्रांत क्वचित पाहायला मिळतो. वरून कपडे टाकायच्या अमेरिकी यंत्रात मोटरीला दोन वेगळी कामे करावी लागतात. धुताना मधला ॲजिटेटर (पाणी आणि कपडे घुसळणारा पात्यांचा खांब) उलटसुलट फिरवायचा आणि पिळताना सगळा टब एकाच दिशेने गरागरा फिरवायचा. व्हर्लपूलच्या पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत यासाठी गिअरबॉक्सवर विद्युतचुंबकांनी डावी-उजवीकडे झुलणारा एक भाग असे. जाणकार त्याला विगवॅग म्हणतात. ती यंत्रणाही टिकाऊ होती, पण तिच्यात हलणाऱ्या तारा होत्या आणि त्या कालांतराने तुटत.

मेटॅगने हा सगळा पसाराच टाळला. मोटर एका दिशेने फिरली की ॲजिटेटर चालतो, उलट फिरली की ब्रेक सुटतो आणि टब फिरू लागतो. दिशा बदलणे हे टायमरचे काम, बाकी सारे केवळ गिअर आणि मळसूत्री आटे करतात.

त्याहून मला मोहवते ती मोटरीची बैठक. मोटर तळाला घट्ट आवळलेली नसते, तर स्प्रिंगांच्या ताणाखाली थोडी मागे-पुढे सरकू शकेल अशी बसवलेली असते. पिळणे सुरू होते तेव्हा ओल्या कपड्यांनी जड झालेला टब एकदम वेग घेऊ शकत नाही. त्या ओढीने मोटर टबाच्या बाजूला सरकते, पट्ट्याचा ताण सैलावतो, पट्टा जरा घसरू लागतो आणि टब हळूहळू गती पकडतो. गती आली की स्प्रिंगा मोटरीला पुन्हा मागे खेचतात आणि पट्टा घट्ट धरतो. वेगळा क्लच लागतच नाही. या बैठकीच्या सरकपट्ट्या कोरड्या पडल्या तर मोटर मध्येच अडकते आणि रबर जळाल्याचा वास येऊ लागतो. अशा वेळी अनेक जण पट्टा बदलतात, आणि नवा पट्टाही काही दिवसांत जळतो. सरकपट्ट्या पुसून, त्यांना योग्य वंगण लावले की दोष मुळापासून जातो.

या कंपनीने १९६७ पासून एक जाहिरात चालवली होती, जिच्यात जेसी व्हाइट या नटाने कोणी बोलावतच नाही म्हणून एकट्या पडलेल्या मेकॅनिकची भूमिका केली होती. जाहिरात ती जाहिरातच, पण लोकांना ती पटत होती हे महत्त्वाचे. पुढे २००६ मध्ये व्हर्लपूलने मेटॅग विकत घेतली आणि आयोवा राज्यातील न्यूटन येथील वॉशिंग मशीनचा कारखाना २००७ मध्ये बंद झाला.

झरोका

जनरल इलेक्ट्रिकच्या फिल्टर-फ्लो यंत्राचा उल्लेख येथे झालाच पाहिजे. ॲजिटेटरच्या माथ्यावर भोकांची एक पसरट ताटली बसवलेली असे. धुणे चालू असताना पंप टबातले पाणी सतत वर उचलून टबाच्या कडेच्या तोटीतून त्या ताटलीवर सोडत असे आणि ते भोकांमधून पुन्हा कपड्यांवर पडत असे. कपड्यांचे सुटलेले तंतू, केस, खिशात राहिलेल्या कागदाचा लगदा असे सगळे ताटलीत साठे. धुणे संपले की ताटली उचलायची, नळाखाली धरायची आणि परत बसवायची. यंत्राने आज कपड्यांतून काय काढले, हे दर वेळी डोळ्यांना दिसत असे. आजच्या बहुतेक यंत्रांत ही गाळणी खाली पंपाजवळ झाकणामागे दडलेली असते, आणि ती तेथे आहे हेच पुष्कळांना पाणी तुंबल्यावर कळते.

दुसरे असे की, जुने म्हणजे केवळ जड आणि महागडे, हे समीकरण मला मान्य नाही. व्हर्लपूलने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पट्टा काढून टाकून जे डायरेक्ट ड्राइव्ह यंत्र आणले, ते आधीच्या यंत्रांपेक्षा हलके आणि बनवायला स्वस्त होते. तरीही सुमारे तीन दशके ते बनत राहिले आणि त्याची दुरुस्ती शिकणे सर्वांत सोपे, असे मी निःशंकपणे म्हणेन. मोटरीच्या दांड्याच्या एका टोकाला पंप आणि दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स, एवढीच मांडणी. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये प्लॅस्टिक आणि रबराचा एक छोटा जोड असतो. यंत्रावर अवाजवी ताण आला तर तो जोड तुटतो आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. वरच्या पॅनेलचे दोन स्क्रू काढून पितळी रंगाच्या दोन क्लिपा पेचकसाने उचकल्या की संपूर्ण बाहेरचा पत्रा एका तुकड्यात पुढे झुकवून बाजूला ठेवता येतो, आणि यंत्र चहूबाजूंनी उघडे होते. स्वस्तात बनवतानाही उघडण्याची सोय ठेवता येते, याचा हा चांगला पुरावा आहे.

साक्षेपी

धागा वाचनीय आहे, आणि दिलेल्या माहितीबद्दल सर्वांचे आभार मानून दोन आक्षेप नोंदवतो.

पहिला आक्षेप असा की, आज आपल्याला दिसणारी जुनी यंत्रे ही टिकून राहिलेली यंत्रे आहेत. त्याच काळात बनलेली कितीतरी यंत्रे पाच-सात वर्षांत गंजून, फुटून भंगारात गेली आणि त्यांच्याविषयी कोणी आठवणी लिहीत नाही. इनॅमलचा मुलामा एका ठिकाणी उडाला की खालचा पत्रा गंजत जाई आणि त्यावर फारसा उपाय नव्हता. टिकलेल्यांवरून सगळ्या पिढीचे मूल्यमापन करणे योग्य होणार नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा. वरून कपडे टाकायचे जुने मोठे यंत्र एका धुण्याला १५० लिटरच्या घरात पाणी घेत असे. आजचे पुढून दार असलेले यंत्र तेवढेच कपडे साधारण ५० लिटरमध्ये धुते. जेथे पाणी जपून वापरावे लागते तेथे हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कळसूत्र

दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पहिल्याविषयी माझे म्हणणे एवढेच की, कोणती यंत्रे टिकली याकडे पाहिले तर त्यांत एक समान धागा आढळतो. ज्यांचे बेअरिंग, सील, पंप आणि टायमर सुटे करून बदलता येत होते तीच बहुधा टिकली. म्हणजे टिकलेली यंत्रे सगळ्या पिढीची प्रतिनिधी नसली, तरी काय केल्याने यंत्र टिकते हे सांगायला ती पुरेशी आहेत.

पाण्याच्या मुद्द्यावर मी थोडी भर घालतो, कारण पाण्याइतकाच ते तापवण्याचा खर्च महत्त्वाचा आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते. ६० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे २.८ युनिट वीज खर्च होते, तर २० लिटरसाठी ०.९ युनिट. त्यामानाने मोटरीची वीज थोडी असते. म्हणून ज्याला जुने यंत्र वापरात ठेवायचे आहे त्याने रोजचे कपडे थंड पाण्यात धुवावेत आणि टब पूर्ण भरूनच यंत्र लावावे, हे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकी यंत्रांच्या काही मॉडेलांत साबणाचे पाणी शेजारच्या हौदात साठवून पुढच्या धुण्यासाठी परत ओढून घेण्याची सोय होती. आधी पांढरे कपडे, मग त्याच पाण्यात गडद कपडे. ही कल्पना मागे पडली याची मला मनापासून हळहळ वाटते.

आणि पिळण्याच्या वेगाबद्दलही बोलले पाहिजे, कारण तेथे नवे यंत्र निर्विवाद सरस आहे, आणि त्याच सरसपणाची किंमत त्याचे बेअरिंग मोजते. ४६ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रममध्ये मिनिटाला ४०० फेऱ्यांना कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४१ पट जोर पडतो. १००० फेऱ्यांना तो २५७ पट होतो आणि १४०० फेऱ्यांना ५०० पटींच्या पुढे जातो. वेग साडेतीन पट वाढला, तर जोर बारा पटींहून अधिक वाढला. कपडे एका बाजूला गोळा झाले असतील तर तो सगळा असमतोल जोर ड्रमच्या मागच्या दांड्यावर आणि दोन बेअरिंगवर येतो. जुन्या यंत्राचे दीर्घायुष्य काही अंशी त्याच्या संथपणात होते, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे.

वंगण

बेअरिंगचा विषय आलाच आहे तर जरा सविस्तर लिहितो, कारण ‘उघडता येणारे यंत्र’ म्हणजे काय, हे येथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

खराब होत चाललेले बेअरिंग आधी पिळताना ऐकू येते. सुरुवातीला हलकी घरघर येते, मग वेग वाढेल तसा विमान उडत असल्यासारखा आवाज होतो. मागचे झाकण काढून पाहिले तर टबाच्या मध्यापासून खाली ओघळलेली तपकिरी रेघ दिसते. याचा अर्थ पाणी अडवणारे रबरी सील आधी गेले, पाणी बेअरिंगमध्ये शिरले, वंगण धुऊन निघाले आणि गंज चढला. दार उघडून ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवली आणि ड्रम टबापासून सुटा हलत असेल, तर दुरुस्ती आणखी लांबवू नये.

जुन्या यंत्रात बाहेरचा टब दोन भागांत असतो. ते भाग एका पट्टीने किंवा बोल्टांनी आवळलेले असतात आणि मध्ये रबरी पट्टी असते. पुलीचा मधला बोल्ट काढायचा, पुली उतरवायची, टबाचा मागचा भाग सोडवायचा आणि ड्रम बाहेर घ्यायचा. दांड्यावर हात फिरवून पाहावे. सील जेथे टेकते तेथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर नुसते नवे सील टाकून उपयोग होत नाही, ते पुन्हा गळणार. मग जुने बेअरिंग आतून पितळी दांडा टेकवून, एकदा या बाजूने तर एकदा त्या बाजूने, हळूहळू ठोकत बाहेर काढायचे. नवे बसवताना ते आधी थंड करावे, त्याची जागा कोमट करावी, आणि ठोकायचे ते फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर ठोकले तर गोळ्यांच्या खाचांवर वण उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करते.

मला सर्वांत जास्त समाधान देणारी गोष्ट पुढची आहे. जुन्या बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला आकडा वाचला की बहुतेक वेळा तो ६२०४, ६२०५ किंवा ६३०६ असा जगभर चालणारा प्रमाणित आकडा निघतो. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७ आणि रुंदी १४. ६२०५ म्हणजे २५, ५२ आणि १५. यंत्र बनवणारी कंपनी बुडाली असली, तिचे मॉडेल कोणाच्या स्मरणात नसले, तरी त्या मापाचे बेअरिंग आजही मिळते, कारण तेच बेअरिंग पंपांत, मोटरींत आणि शेकडो इतर यंत्रांत बसते.

याउलट हल्लीच्या अनेक यंत्रांत बाहेरचा टब प्लॅस्टिकचा असतो आणि त्याचे दोन अर्धे भाग कारखान्यातच वितळवून एकमेकांना कायमचे जोडलेले असतात. आतले बेअरिंग तेच जुने, सहज मिळणारे असते, पण तेथपर्यंत पोहोचायला टब कापावा लागतो. काही कसबी मंडळी टब करवतीने कापून, कडेला भोके पाडून, सिलिकॉन भरून आणि बोल्ट आवळून तो पुन्हा जोडतात. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण ही वेळ वापरणाऱ्यावर यावीच का, हा प्रश्न उरतोच.

घटिका

कोणी टायमरबद्दल सविस्तर लिहिले नाही, म्हणून मी लिहिते.

जुन्या यंत्राचा टायमर उघडला की आत प्लॅस्टिकच्या चकत्यांचा एक रूळ दिसतो. प्रत्येक चकतीच्या कडेला उंच-सखल खाचा असतात आणि त्या खाचांवर पितळी पात्यांचे खटके टेकलेले असतात. एक चकती पाण्याच्या झडपेची, एक मोटरीची, एक पंपाची, एक हीटरची. विजेच्या हर्ट्झवर चालणारी एक इवलीशी मोटर हा रूळ ठरावीक वेळाने एकेक घर पुढे सरकवते, आणि बाहेरची मूठही त्याबरोबर सरकते. म्हणून धुणे कोठवर आले आहे हे मुठीच्या खुणेकडे पाहून कळे. वीज गेली तर रूळ जेथल्या तेथे थांबे आणि वीज आली की तेथूनच पुढे जाई. काही साठवून ठेवण्याची आवश्यकताच नव्हती. युरोपीय यंत्रांत पाणी तापत असताना टायमर मुद्दाम थांबवला जात असे. थर्मोस्टॅटने पाणी तापल्याचा निर्वाळा दिला की मगच रूळ पुढे सरके. त्यामुळे पाणी गार असो वा कोमट, कपड्यांना ठरलेले तापमान मिळतच असे.

या यंत्रांची भाषा कानांना कळत असे. पाणी भरताना झडपेचा बारीक गुंजारव, पातळी गाठताच दाबाच्या खटक्याचा ‘टक’, मग क्षणभर शांतता, मग मोटरीची सुरुवात. शेजारच्या खोलीत बसूनही यंत्र काय करते आहे हे सांगता येई, आणि क्रम चुकला तर दोष कोठे असावा याचा अंदाज बांधता येई. पाणी भरतच राहिले आणि तो ‘टक’ ऐकू आला नाही, तर दाबाच्या खटक्याची रबरी नळी निसटली असेल किंवा तिच्या तळाशी असलेल्या हवेच्या कोनाड्यात साबणाचा गाळ साचला असेल. मी हेच ऐकून, नळी काढून, फुंकर मारून आणि पुन्हा बसवून यंत्र चालू केले आहे.

काजळलेले खटके बारीक पॉलिश कागदाने पुसता येतात. मात्र एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. टायमरची मूठ यंत्र चालू असताना फिरवू नये, आणि उलट दिशेने तर मुळीच नाही. पात्यांची टोके खाचांत अडकून वाकतात आणि मग मात्र टायमर खरोखरच निकामी होतो.

साक्षेपी

वंगण यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नावर एक माहिती देतो. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे उपलब्ध ठेवणे आणि मागणी आल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत पोहोचवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. दाराचे सील, बिजागऱ्या, साबणाचा कप्पा असे भाग सामान्य ग्राहकालाही मिळाले पाहिजेत. मोटर, पंप, शॉक ॲब्सॉर्बर, ड्रम आणि त्याची बेअरिंग हे भाग व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना. मी नव्या यंत्रांची बाजू मांडत आलो आहे, आणि असे नियम इतरत्रही झाले तर ती बाजू आणखी भक्कम होईल असे मला वाटते.

जोडपाना

नियम स्वागतार्ह आहे. परंतु बेअरिंग मिळणे आणि ते बसवण्यासाठी टब उघडता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा टब आतल्या ड्रमसकट एकच सुटा भाग म्हणून विकायचा, हा मार्ग उत्पादकांना मोकळा राहतो, आणि तो भाग घेण्याचा खर्च ऐकून बहुतेक ग्राहक नवे यंत्र घेणेच पसंत करतात.

झरोका

थोडा इतिहास. घरगुती वापराचे पहिले स्वयंचलित यंत्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते बेंडिक्स १९३७ मध्ये आले. त्याला पुढून गोल काचेचे दार होते, पण ड्रमचे हेलकावे शोषणाऱ्या स्प्रिंगा नव्हत्या, म्हणून ते जमिनीत बोल्ट ठोकून घट्ट बसवावे लागे. त्याच्याही आधीचे, १९२२ चे मेटॅग जायराफोम पाहिले तर तेथे तळाशी बसवलेल्या ॲजिटेटरने पाणीच कपड्यांतून जोरात खेळवायची कल्पना दिसते. पुढची अनेक दशके अमेरिकी यंत्रे याच कल्पनेवर चालली. कपडे पिळण्यासाठी दोन रूळ असलेली यंत्रे तर मेटॅग १९८३ पर्यंत बनवत होती. त्या रुळांत बोटे सापडून हात आत ओढला जाण्याचे अपघात घडत असत, आणि म्हणूनच दाबताक्षणी रूळ सुटे करणारी पट्टी त्यांवर बसवलेली असे. असे यंत्र कोणी हौसेने चालवणार असेल तर आधी ती पट्टी काम करते का ते पाहावे, आणि लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

नवीन पान

मी येथे पहिल्यांदाच लिहीत आहे. आमच्या घरी पुढून दार असलेले, इनॅमलचा पोलादी टब असलेले एक जुने यंत्र अनेक वर्षे झाकून ठेवलेले आहे. ते चालू स्थितीत असतानाच बाजूला ठेवले होते. आता ते पुन्हा वापरात आणण्याची इच्छा आहे. प्लग लावून पाहण्याआधी काय तपासावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

वंगण

प्लग लावण्याआधी विचारलेत, हे फार चांगले केलेत. मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम सांगतो.

सर्वप्रथम विजेची वायर पाहा. जुने रबर कडक होऊन चिरा पडलेले असते. तसे असेल तर वायर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्थिंगची तार यंत्राच्या पत्र्यापर्यंत पोहोचते का ते मल्टिमीटरने तपासा. त्यानंतर शक्य असल्यास एखाद्या वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन, म्हणजे तारांतून पत्र्यात वीज गळते का ते, मोजून घ्या. ते एक मेगओहमपेक्षा कमी येता कामा नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रात हा आकडा बहुधा हीटरमुळे घसरतो. हीटरच्या नळीत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतली ओल शोषून घेते. हीटरच्या तारा सोडवून बाकीचे यंत्र पुन्हा मोजा. तेवढ्याने आकडा सुधारला तर हीटर बाहेर काढून मंद उष्णतेवर काही तास वाळवा, नाहीतर नवा बसवा.

कॅपॅसिटरला हात लावण्यापूर्वी प्लग काढलेला असला, तरीही रोधकाच्या साहाय्याने त्यातला भार उतरवा. १९७० च्या दशकातला किंवा त्याआधीचा कॅपॅसिटर असेल तर त्यात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) हे घातक तेल असू शकते, म्हणून गळका कॅपॅसिटर उघड्या हाताने हाताळू नये आणि कचऱ्यात टाकू नये. ब्रेक असलेल्या जुन्या यंत्रांत अस्तराची धूळ फुंकून उडवू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ओल्या फडक्याने पुसावी.

मग रबराकडे वळा. पट्टा, दाराचे सील, पाण्याच्या नळ्या वाकवून पाहा. पाणी भरणाऱ्या नळ्या तर न बघताच बदला, कारण त्यांच्यावर नळाचा पूर्ण दाब असतो. ड्रम हाताने फिरवून कान द्या. पंपाचा पंखा हाताने मोकळा फिरतो का पाहा, कारण वाळलेल्या साबणाने तो हमखास चिकटलेला असतो. एवढे झाल्यावर कपडे न घालता, थंड पाण्यावर, शेवटपर्यंत उभे राहून एक फेरी चालवा.

घटिका

एक पुरवणी. पूर्वीच्या अनेक यंत्रांच्या आतल्या बाजूला, पॅनेलमागे किंवा मागच्या झाकणावर तारांचा नकाशा आणि टायमरच्या घरांचा तक्ता चिकटवलेला किंवा घडी करून खोचलेला असे. आपल्या यंत्रात तो असेल तर हात लावण्याआधीच त्याची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत. तो कागद ठिसूळ झालेला असतो आणि ओल्या बोटांनी त्याचा भुगा होतो.

नवीन पान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वंगण यांनी सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. वायर कडक झाली होती, ती बदलून घेतली. मेगरवर आकडा कमीच आला, पण हीटर सोडवल्यावर तो समाधानकारक झाला. म्हणजे दोष हीटरमध्येच आहे. पंप चिकटलेला होता, तो कोमट पाण्याने सुटला. घटिका यांनी म्हटल्याप्रमाणे मागच्या झाकणाच्या आत नकाशा सापडला आणि तो बराच सुवाच्य आहे. हीटर अजून जागेवरच आहे, त्याच्या तारा सोडवलेल्याच ठेवून थंड पाण्यावर रिकामी फेरी चालवली. टायमर सगळी घरे व्यवस्थित पुढे गेला. मात्र पिळताना सुरुवातीच्या काही क्षणांत पट्टा किंचित किंचाळतो आणि मग गप्प होतो. पट्टा बदलावा का?

जोडपाना

लगेच बदलू नका. वर्षानुवर्षे एकाच जागी ताणलेला राहिल्यामुळे पट्ट्याला पुलीच्या वळणाचा आकार आलेला असतो, आणि पुलीवर गंजाचा पातळ थरही बसलेला असतो. पट्टा उतरवून पुलीची खाच बारीक पॉलिश कागदाने आणि कोरड्या फडक्याने पुसा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला चिरा किंवा काचेसारखी चकाकी नसेल तर तोच परत बसवा. ताण पाहण्यासाठी दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. एक सेंटिमीटरच्या आसपास दबला तर ठीक. त्याहून सैल असेल तर मोटरीचे बोल्ट ढिले करून ती खाचेतून थोडी सरकवता येते. पट्ट्यावर छापलेला क्रमांक पुसट व्हायच्या आत लिहून ठेवा, आणि तारांच्या नकाशाची छायाचित्रे मॉडेल क्रमांकासह येथे द्या, म्हणजे तेच यंत्र असलेल्या इतरांनाही ती वापरता येतील.